बंडी ते कॅराव्हान : चालते घर पारखण्याची भंडाऱ्याची रीत

महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखला आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला मोठी यात्रा भरते. एसटी आणि मोटारसायकल गावोगाव पोचण्याआधी या यात्रांना लोक बैलबंडीने जात. घरातली लहानथोर माणसे, दोन-तीन दिवसांचा शिधा, पाण्याची घागर, अंथरूण-पांघरूण, बैलांसाठी तणस असा सगळा संसार एका बंडीत बसायचा. वर बांबूच्या कमच्या वाकवून त्यांवर तट्टी किंवा ताडपत्री बांधली की छप्पर तयार. मुक्कामाला बैल सोडायचे, जू टेकणीवर ठेवायचे, तीन दगडांची चूल मांडायची. पोरेबाळे बंडीत निजत, बाप्ये बंडीखाली.

म्हणजे चाकांवरचे घर ही भंडाऱ्याला नवी गोष्ट नाही. आज जुनी व्हॅन विकत घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवण्याची किंवा तशी तयार गाडी कुणाकडून घेण्याची हौस मराठी घरांत वाढते आहे. अशी गाडी पारखायची कशी, हा प्रश्न मात्र या जिल्ह्याने फार आधी सोडवला होता. जुनी बंडी घेताना काय आधी पाहायचे, काय शेवटी आणि सोबत कुणाला न्यायचे, याची इथे एक पक्की रीत होती. ती समजून घेतली तर जुने मोटारघर घेणाऱ्यालाही निम्मे उत्तर मिळते.

या भागात गाड्यांचे राज्य फार जुने नाही. वैनगंगा, चुलबंद, बावनथडी, सूर अशा नद्या, हजारो लहानमोठे तलाव आणि धानाच्या बांध्या यांमुळे पावसाळ्याचे चार महिने चाकाला रस्ताच नसे. लांबचा माल बंजाऱ्यांच्या लदेणीच्या, म्हणजे पाठीवर माल लादलेल्या, बैलांवरून यायचा आणि जायचा. मीठ आत, धान्य बाहेर. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्या काळात नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता बांधला गेला. ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून तो ओळखला जाई. आजचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग बराचसा त्याच वाटेने जातो. पक्की सडक झाली तशी लदेणी मागे पडली आणि बंडी पुढे आली.

१८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर ते राजनांदगाव अशी छत्तीसगड रेल्वे सुरू झाली. तिने बंजाऱ्यांचा उरलासुरला धंदा बसवला, पण बंडीचे काम वाढवले. भंडारा शहराचे स्टेशन शहरात नाही, ते वरठीला आहे; म्हणूनच त्याचे नाव भंडारा रोड. तुमसरचेही तसेच, तुमसर रोड. रुळापर्यंत धान न्यायचे आणि रुळावरून आलेला माल गावात आणायचा, तर मधल्या दहा-बारा किलोमीटरांना बैलाशिवाय पर्याय नव्हता. आर. व्ही. रसेल यांनी १९०८ मध्ये भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले, त्या काळात रेल्वे आणि बैल अशी दोन्ही वाहने एकमेकांच्या आधाराने चालत होती.

गाड्याही एका जातीच्या नव्हत्या. मालाची ती बंडी. आटोपशीर, अरुंद वाटेची ती खासर. दोघे-तिघे बसून चटकन बाजाराला जाऊन यायचे तर हलकी रेंगी किंवा छकडा. मालगुजारांच्या घरी बायकामाणसांसाठी छताची, बैठकीची दमणी असे. आजच्या भाषेत सांगायचे तर बंडी म्हणजे ट्रक आणि दमणी म्हणजे आरामगाडी. यात्रेला मात्र साधी बंडीच दमणी व्हायची, तट्टी चढवून.

पूर्णवेळ गाडीतच राहणारेही विदर्भाने पाहिले आहेत. गाडीलोहारांची कुटुंबे गावाबाहेर, सडकेच्या कडेला उतरत. त्यांची मूळ गाथा चितोडशी जोडलेली आहे: १५६८ मध्ये अकबराने तो किल्ला घेतला, तेव्हा गड परत मिळेपर्यंत एका जागी घर करणार नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडात नेले, तरी अनेकांचे फिरणे थांबले नाही. त्यांची जड लाकडाची, पितळी खिळ्यांनी सजवलेली गाडी म्हणजे कपाट, कोठार आणि देवघर एकत्र. ऐरण आणि भाता उतरवला की तीच कार्यशाळा. गावकरी विळा, कुऱ्हाड, पळी त्यांच्याकडून घेत.

नवी बंडी करून घेणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते. लाकूड पिकवून, म्हणजे वाळवून, ठेवावे लागे. धुऱ्यांना आणि कण्याला धावडा किंवा तिवस लागे, कारण ही लाकडे चिवट आणि लवचीक. चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गाभ्याला, बाभूळ; पाट्यांना, म्हणजे बाहेरच्या लाकडी घेराला, साग. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होत गेली, तसे मनाला येईल तेव्हा झाड तोडण्याचे दिवस संपले. त्यामुळे जुनी, चालती बंडी ही किमती वस्तू होती आणि ती हातोहात विकली जाई. एखाद्याने बैलजोडी मोडली, कुणाची वाटणी झाली, कुणी नवी डनलॉपची रबरी टायरांची गाडी घेतली, की जुनी बंडी बाजारात यायची.

ती घ्यायला शहाणा माणूस एकटा जात नसे. सोबत गावचा सुतार असे. सुतार रंगाकडे पाहत नसे, शिंगांसारख्या सजवलेल्या टोकांकडेही नाही. तो आधी खाली बसायचा. कण्याला कुठे चीर गेली आहे का, पूर्वी कधी लोखंडी पट्टी मारून तो सांधला आहे का, हे पाहायचा. मग बंडीची एक बाजू टेकणीवर उचलून चाक मोकळे करायचे आणि दोन्ही हातांनी पाट्याला धरून आत-बाहेर हलवायचे. चाक लचकले तर तुंब्यातली लोखंडी कडी झिजली, किंवा कणाच झिजला. चाक गरगर फिरवून एका जागी बोट धरायचे. पाटा बोटाजवळ येतो आणि लांब जातो असे दिसले तर चाक वाकडे.

नंतर आरे. हातोडीच्या दांड्याने एकेका आऱ्यावर टिचकी मारत सुतार चाकाभोवती फिरे. घट्ट बसलेला आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बोदा. तुंब्याच्या भोकात आऱ्याला पाचरी मारल्या असतील तर त्या नव्या आहेत की जुन्या, हे त्यांच्या रंगावरून कळे. एक खोच मात्र सुताराला हमखास ठाऊक असे. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि आरे सैल होतात. तेच चाक रात्रभर तलावात बुडवून ठेवले की लाकूड फुगते आणि दुसऱ्या दिवशी चाक नव्यासारखे घट्ट भासते. तलावांच्या जिल्ह्यात ही सोय दारातच होती. म्हणून सकाळी ओलसर दिसणारे चाक पाहिले की सौदा दोन दिवस पुढे ढकलणे इष्ट. उन्हात वाळल्यावर चाक आपले खरे रूप दाखवते.

शेवटी धाव, म्हणजे चाकावरचे लोखंडी कडे. ती चढवण्याचे काम लोहाराचे. गोवऱ्या आणि लाकडांच्या गोल भट्टीत कडे लाल होईपर्यंत तापवायचे, सांडशीने तिघा-चौघांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, सगळे पाटे-आरे एकमेकांत दाबले जातात, धूर आणि वाफेचा लोट उठतो. धाव सैल झाली की कापून, थोडी आखूड करून पुन्हा जोडतात. जुनी बंडी घेताना धावेवर असे जोड किती आहेत हे मोजत. फार जोड असलेली धाव म्हणजे चाकाचे लाकूड वरचेवर झिजत आले आहे, हे उघड.

वंगणाचीही चौकशी होई. तेलात जळकी चिंधी कुटून केलेले ओंगण बांबूच्या नळ्यात भरून बंडीला खाली टांगलेले असे. नळा कोरडा आणि कणा कुरकुरणारा असला तर मालकाने बंडीची निगा राखली नाही, एवढे त्यावरून कळे.

बैलजोडीसह बंडी घ्यायची तर परीक्षा आणखी लांबे. दात पाहून वय ठरवत: कोरा, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही दात आल्यावर जुळलेला. साधारण चार-पाच वर्षांचा होईतो बैल जुळतो; पुढे वय सांगायला दातांची झीज पाहावी लागते. पूर्व विदर्भातली कठाणी जनावरे लहान चणीची पण चिखलाच्या बांध्यांत तरबेज, तर वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जोडी पळण्यात पुढे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, शौकिनांना दुसरी हवी, धानवाल्याला पहिली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. पट पुन्हा भरू लागले तसा पळाऊ जोडीचा भावही पुन्हा बोलला जाऊ लागला.

बाजारात किंमत उघड बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी आकडा ठरवत. सौदा पटला की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देत, चार माणसांसमोर. गुरांच्या बाजारात नोंद होऊन पावती मिळे आणि ती पावती जपून ठेवत, कारण उद्या कुणी जनावर चोरीचे म्हटले तर तोच पुरावा. वस्तू, कारागीर, साक्षीदार आणि कागद: या चारांपैकी एक जरी कमी असला तर समजूतदार माणूस परत यायचा.

भंडाऱ्यात रेल्वे आली त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला चाकावरचे घर हौसेचे झाले. १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याने विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरसाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधली. केवळ फिरण्यासाठी बांधलेल्या पहिल्या कॅराव्हानांत तिची गणना होते. हा कारखाना रेल्वेचे डबेही बांधायचा, त्यामुळे गाडीची जोडणी डब्याच्या तोडीची होती. १९१० मध्ये अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची आणि हातपाय धुण्याची सोय असलेली मोटार लोकांपुढे मांडली. १९५१ पासून जर्मनीत वेस्टफालिया कंपनी फोक्सवागनच्या व्हॅनमध्ये घडीचे सामान बसवून देऊ लागली आणि मध्यमवर्गीयाला परवडणारे छोटे मोटारघर जन्माला आले.

भंडाऱ्यात बंडीची जागा मोटारीने हळूहळू घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीपा आणि ट्रक देशभर लिलावात निघाले. १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर आणि १९८७ पासूनची ट्रॅव्हलर यांनी वऱ्हाडापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळ्यांना वाहिले. जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना यांमुळे जिल्ह्यात यंत्रकाम जाणणारे हात तयार झाले. गडेगावचा कारखाना १९८२ चा आणि गिअरबॉक्ससाठी ओळखला जाणारा. ज्या कामाला पूर्वी सुतार आणि लोहार लागत, त्याला आता मेकॅनिक, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन लागतो. सोबत न्यायची माणसे बदलली, न्यायची गरज तशीच राहिली.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले. कोका अभयारण्य, नागझिरा, पवनीचे घाट, गोसीखुर्दचा जलाशय अशा ठिकाणी जाणाऱ्याला छोटे मोटारघर सोयीचे आहे, आणि नव्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने जुन्याचा शोध सुरू होतो. भारतात अशी बरीच घरे ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनच्या सांगाड्यावर उभी असतात. आत सागाच्या रंगाची सनमायका, पिवळे दिवे, घडीचा पलंग. बघणाऱ्याचे मन तिथेच अडकते, म्हणून पाहणी तिथून सुरू करू नये.

सुताराप्रमाणे आधी खाली बसावे. गाडी उंचावर चढवून चॅसिसच्या पट्ट्या टॉर्चने पाहाव्यात. ताजा काळा रंग फासला असेल तर गंज खरवडून बघावा. पाट्याची स्प्रिंग तुटली आहे का, वेल्डिंगचे नवे ठिगळ कुठे आहे, चॅसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतो का, हे सगळे खालूनच कळते. इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन म्हणजे तलावातून काढलेले चाक. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर असूनही टायर सहा-सात वर्षांचे असेल तर तो खर्च भावात धरावा.

दुसरी परीक्षा वजनाची, आणि तिच्यासाठी भंडाऱ्यात सोय चांगली आहे. राईस मिलच्या परिसरात आणि महामार्गावर वजनकाटे आहेत. पाण्याची टाकी भरून, सिलिंडर ठेवून, घरची माणसे बसवून गाडी काट्यावर न्यावी आणि नोंदणी पुस्तकातल्या कमाल वजनाशी ताडून पाहावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात प्लायवूड, बॅटऱ्या, वरची सौर पट्टी, मागचा सायकलचा स्टँड मिळवला की व्हॅन सहज जड होते. जड गाडीचे ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर सगळेच अकाली झिजतात.

तिसरी पाण्याची. या जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ज्या छताला पंखा किंवा खिडकी बसवायला भोक पाडले आहे, तिथून पाणी शिरते, आणि ते दिसायच्या आधी प्लायवूड कुजते. सिंकच्या खालचे, खिडकीच्या कोपऱ्यातले आणि मागच्या दाराच्या उंबरठ्याजवळचे लाकूड अंगठ्याने दाबून पाहावे. दबले तर आत ओल आहे. सगळी कपाटे उघडून वास घ्यावा. पावसाळ्यातच सौदा करावा, नाहीतर पाइपने छतावर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडून आत बसून राहावे.

गॅस आणि वीज यांत चूक जिवावर बेतते. गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला तर गळती आहे. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. गाडीच्या बॅटरीवरच पंखे-दिवे जोडले आहेत की घरासाठी वेगळी बॅटरी आहे, प्रत्येक तारेला फ्यूज आहे का, तारा नळीतून नेल्या आहेत की नुसत्या पत्र्याच्या धारेवरून, हे इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलेले बरे.

मग कागद. गुरांच्या बाजारातल्या पावतीचे काम आता नोंदणी पुस्तक करते. भंडाऱ्याच्या गाड्यांना एमएच ३६ क्रमांक मिळतो. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवायला फॉर्म ३५. सगळ्यात नाजूक बाब अंतर्गत बदलांची. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे उचलून धरले. प्रवासी व्हॅन म्हणून नोंदलेल्या गाडीत ओटा आणि पलंग बसवला असेल आणि पुस्तकात तशी नोंद नसेल, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मोटार कॅराव्हानांसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानक आहे. विक्रेत्याकडे त्यानुसार काही कागद आहेत का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

हे सगळे झाल्यावरच आत जाऊन पलंगावर पाय ताणून निजावे, उभे राहून डोके छताला लागते का पाहावे, ओट्यावर चहा करून बघावा. पूर्वी बंडीचीही अशीच फेरी होई: मोकळी नव्हे, भरलेली बंडी गावाबाहेरच्या चढावर चढवून पाहत. मोटारघरासाठी भंडाऱ्याहून पवनीची फेरी चांगली. महामार्ग, गावातले गतिरोधक, खड्डे आणि वळणे सगळे त्या वाटेत भेटते. सामान खडखडते का, गिअर पकडतो का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे कळते. परत आल्यावर गाडी सपाट जागी लावून तिच्याखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवायचा आणि सकाळी मेकॅनिकला सोबत घेऊन त्यावर तेल, पाणी की ब्रेकचे तेल उतरले आहे ते पाहायचे. पुठ्ठा कोरडा निघाला तर इसाराची रक्कम साक्षीदारांसमोर द्यायची आणि पावती त्याच वेळी लिहून घ्यायची.